सुट्टीच्या पानावर आमच्यासाठीही जागा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की आपल्या पुरवणीत सहलींची पानं सुरू होतात. मी ती आवडीने वाचते, त्यातली चांगली वाटलेली कापून शिवणाच्या मशिनच्या खणात ठेवते. बहुतेक मजकूर ‘मुलांना घेऊन कुठे जाल’ इथून सुरू होतो. नवीन लग्न झालेल्यांसाठी महाबळेश्वर, माथेरान असतं. ज्येष्ठांसाठी वेगळी चौकट असते आणि तिच्यात काशी, रामेश्वर, गिरनार असतं. या सगळ्यांच्या मधली माणसं मात्र त्या पानावर मला कधी सापडली नाहीत. मुलं मार्गी लागलेली, नातवंडं अजून नाहीत किंवा लांब आहेत, गुडघे कुरकुरतात पण चालतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सकाळी उठून कुणाचा डबा भरायचा नसतो, अशी कितीतरी नवरा-बायको आज प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांनी एक अख्खा दिवस दोघांनीच, केवळ मजा करायला कुठे जावं, यावर कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी चिंचवडला राहते. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आमचे हे भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते, आता निवृत्त आहेत. मुलगी नाशिकला, मुलगा बंगळूरला. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. यंदा माझा नंबर लागला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, “या पैशांचं घरात काही आणायचं नाही. आपण दोघं इमॅजिकाला जाऊ.” इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचं मोठ्या पाळण्यांचं आणि खेळांचं उद्यान. हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चालेल. तो नायट्रो, तिथला रोलर कोस्टर, बसवलाय कसा ते बघायचंच आहे मला.”

गल्लीत कळलं तसा सगळ्यांचा पहिला प्रश्न, “कुणाची मुलं नेताय?” कुणाचीच नाही म्हटल्यावर दुसरा, “मग तुम्ही तिथे काय करणार?” विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. याच बायकांबरोबर मी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर केलं आहे, तेव्हा कुणी असं विचारलं नाही. देवाला जायला कारण लागत नाही. खेळायला जायचं म्हटलं की मात्र बाईच्या कडेवर मूल असावं लागतं. मला हे पटत नाही, आणि आपली जुनी रीतही अशी नव्हती. माझं माहेर ओतूर. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराची यात्रा भरते. देवळात तांदळाच्या पिंडी बघायच्या आणि बाहेर मैदानात यायचं, तिथे पाळणे असायचे. माझी आजी नऊवारीचा पदर घट्ट खोचून आम्हा पोरींच्या बरोबरीने पाळण्यात बसायची आणि पाळणा वर गेला की मोठ्याने हसायची. तिला कुणी वय विचारल्याचं मला आठवत नाही. देव आणि पाळणा एकाच यात्रेत असायचे.

आमच्या मुलांच्या लहानपणी आम्हीही खूप फिरवलं त्यांना. निगडीचं अप्पूघर आणि दुर्गा टेकडी तर पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक घराला पाठ आहे. कारखान्यातल्या लोकांनी मिळून बस करून एस्सेलवर्ल्डची सहल काढली होती, तीही केली. 1989 मध्ये सुरू झालेलं गोराईचं एस्सेलवर्ल्ड म्हणजे त्या काळी सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांचं स्वप्न होतं, आणि तिथे जाताना खाडी ओलांडायला होडी लागायची याचंच मुलांना निम्मं कौतुक. आता ते बंद झालं आहे. त्या दिवशीचे फोटो माझ्याकडे आहेत. सगळ्या फोटोंत मुलं पाळण्यात आहेत आणि आम्ही दोघं कठड्याबाहेर, हातात पिशव्या, पाण्याची बाटली आणि कुणाचा तरी स्वेटर. तेव्हा ते बरोबरच होतं. एक तिकीट कमी काढलं की परतीच्या वाटेवर सगळ्यांना उसाचा रस मिळायचा. पण ती पिशवी एकदा हातात आली की पुढे जन्मभर हातातच राहते, हे मी आता आजूबाजूला बघते.

आम्ही थंडीत, आडवारी गेलो. निगडीहून एसटीने निघालो. 2023 पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझं अर्धं आणि ह्यांचं पूर्ण. जुन्या रस्त्याने बोरघाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ आलं, ह्यांनी खिडकीतून नाणं टाकलं. रेल्वेला घाटातून वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं. ह्यांना यंत्राइतकीच अशा माणसांची ओढ आहे. खाली खोपोलीजवळ डोंगरावरून उतरणारे जाड पाइप दिसतात. टाटांचं वीजघर आहे तिथे, 1915 सालचं. “बघ,” हे म्हणाले, “लोणावळ्याच्या तलावांचं पाणी वरून सोडायचं आणि पडताना त्याच्यात जी ताकद येते ती वापरायची. तू आज ज्याच्यात बसणार आहेस त्याचंही एवढंच आहे. इंजिन नाही त्याला.”

तेव्हा मला त्यातलं फार काही कळलं नाही. खोपोलीत उतरून आम्ही डब्यातली थालीपीठं आणि लोणी संपवलं, कारण बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. मग रिक्षाने पालीच्या रस्त्याला लागलो. याच रस्त्याने पुढे बल्लाळेश्वर आहे. त्या दिशेला मनातून हात जोडले. त्या दिवशीचं जाणं दुसरीकडे होतं आणि ते आमचं आधीच ठरलं होतं.

इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं. मनमोहन शेट्टी यांनी ते उभं केलं आणि 2022 पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. दार उघडायच्या वेळेला आम्ही तिथे पोचलो. आत शिरताच ह्यांनी नकाशा हातात घेऊन कारखान्यात दिवसाची कामं लावतात तसा क्रम लावला: लांबचं आधी, भिजायचं ऊन चढल्यावर, जेवण सगळ्यांच्या आधी. जाणाऱ्यांनी हा क्रम पाळावा, फार उपयोग होतो.

पहिल्यांदा आम्ही ‘आय फॉर इंडिया’त बसलो, आणि गुडघे, कंबर, पाठ यांची काळजी असणाऱ्या प्रत्येक जोडप्याने आधी इथेच जावं असं मी सांगेन. खुर्च्यांची रांग उचलली जाते, पाय अधांतरी होतात आणि समोरच्या प्रचंड घुमटाकार पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. सगळं चित्रण आकाशातून केलेलं. आमची लग्नानंतरची फिरणी म्हणजे लग्नं, बारशी, दहावे आणि देव. हिमालय वगैरे टीव्हीवर पाहिलेला. इथे वारा तोंडावर येतो तेव्हा खरंच आपण वर आहोत असं वाटतं. हे माझ्या शेजारी गप्प बसले होते. उतरल्यावर म्हणाले, “आपलं लडाख राहूनच गेलं.” मी म्हटलं, “राहून गेलं कशाला, जाऊ की.” घरी असं बोलणं होत नाही. घरी गॅस, वीजबिल आणि मुलांचे फोन यांवरच बोलणं होतं.

मग ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’. होडीतून जायचं, दोन्ही बाजूंनी डायनासोर गुरगुरतात आणि शेवटी होडी उंचावरून खाली येऊन सगळ्यांना भिजवते. मला वाटलं होतं की हे नाव कुणीतरी गंमत म्हणून ठेवलं असणार. रांगेतून मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “आई, तो खराच आपला डायनासोर आहे.” नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमधल्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहियोलीला त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. मांस खाणारा, डोक्यावर छोटं शिंग असलेला. तो सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आम्ही सकाळी ज्या घाटाचा काळा दगड उतरून आलो तो लाव्हाही साधारण त्याच सुमारास पसरला, असं तिने सांगितलं. आपल्या सह्याद्रीच्या दगडाशी आणि नर्मदेशी नातं असलेला प्राणी खोपोलीच्या पाण्यात उभा केला आहे, हे मला फार आवडलं. सहलीला आलेल्या मुलांना शिक्षकांनी हे रांगेतच सांगावं. भिजल्यावर मुलं ऐकत नाहीत.

आता नायट्रोबद्दल सविस्तर लिहिते, कारण पत्र लिहायचं खरं बळ मला त्यानेच दिलं.

ह्यांची मणक्याची गादी सरकलेली आहे. अशा माणसाने, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याने, गरोदर बाईने त्यात बसायचं नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते पाळलंच पाहिजे. मी निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून आले होते. त्यांनी रक्तदाब तपासला, पाठ दाबून पाहिली आणि “बसा” म्हणाले. त्यामुळे मी बसायचं आणि हे खाली थांबणार असं ठरलेलं होतं. मी पर्स, चष्मा, ओढणी, कानातले त्यांच्याकडे दिले, मंगळसूत्र ड्रेसच्या आत घेऊन पिनेने अडकवलं. ह्यांनी ती पर्स खांद्याला लावली आणि ओढणीची घडी घालून हातावर घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात माझी पिशवी त्यांच्या हातात आणि मी कठड्याच्या आत, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी ते इतक्या सहज केलं की माझा घसा दाटून आला.

रांगेत माझ्यापुढे शाळेच्या सहलीच्या मुली होत्या. त्यातली एक, सातवी-आठवीतली असेल, दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या, मागे वळून म्हणाली, “आज्जी, तुम्ही पण बसणार?”
“हो, बसणार.”
“भीती नाही वाटत?”
“वाटते ना. तुला?”
“मला पण.”
“मग माझ्याशेजारी बस आणि हात धर.”

या नायट्रोला पायाखाली जमीन नसते. आपण बसलो की फलाटाची जमीनच खाली सरकते आणि पाय लोंबकळतात. खांद्यांवरून जाड कवच खाली येतं आणि त्याला पुढून एक पट्टा लागतो. माझी नजर आपसूक त्या पट्ट्याच्या शिलाईकडे गेली. चौकोन आणि त्याच्या आत फुली, जाड दोऱ्याने, टाके एकसारखे, दोरा कुठे विसविशीत नाही. वजन पेलायचं असेल तिथे अशीच शिलाई घालतात, मी स्वतः मुलांच्या दप्तराच्या पट्ट्यांना घालते. ती शिलाई बघून मला जो धीर आला तो दुसऱ्या कशाने आला नसता. काम करणाऱ्या मुलाने प्रत्येकाचं कवच हाताने ओढून पाहिलं, मग दुसऱ्याने येऊन पुन्हा पाहिलं.

गाडी साखळीने वर चढायला लागली. टक् टक् टक् असा आवाज. उंची साधारण 40 मीटर. वर पोचताना पालीच्या बाजूचे डोंगर दिसतात, हिवाळ्यातलं पिवळं गवत दिसतं, आणि त्या मुलीचा हात माझ्या हातात घट्ट. मग साखळी सुटते. पुढचं मला क्रमाने सांगता येणार नाही. वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातो आणि पाच ठिकाणी माणूस उलटा होतो, हे नंतर कळलं. मला आठवतं ते हे, की मी ओरडत होते. पोटातून, मोकळ्या गळ्याने. माझ्या लग्नानंतर मी असा आवाज काढलेला नव्हता. घरात मोठ्याने बोललं तरी सासूबाईंना आवडायचं नाही, चाळीत भिंतीपलीकडे ऐकू जायचं, पुढे मुलांचे अभ्यास. बाईच्या आवाजाला सारखं कुणीतरी झोपलेलं असतं. तिथे कुणीच झोपलेलं नव्हतं. ती मुलगी ओरडत होती, मी ओरडत होते, आणि खाली उतरल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. तिच्या बाईंनी लांबून हाक मारली तशी ती “बाय आज्जी” म्हणून पळाली.

बाहेर हे उभे होते, पर्स खांद्याला तशीच. मला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मग जो धबधबा सुरू झाला तो थांबेना. खालून त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. साखळी फक्त वर नेण्यापुरती. तो टकटक आवाज खटक्याचा. साखळीचं काही झालंच तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तो दातांवर अडकत जातो. एकदा वरून सुटली की पुढे सगळं उंचीच्या जोरावर, सकाळी वीजघराच्या पाइपांपाशी सांगितलेलं तेच. चाकं तीन तऱ्हेची: वरची भार घेतात, बाजूची वळणात धरून ठेवतात आणि रुळाच्या खालून येणारी गाडीला रुळावरून उचलू देत नाहीत. उलटं फिरणारं उभं वळण नीट गोल नसतं, वरच्या बाजूला अरुंद आणि खाली पसरट असतं, कारण पूर्ण गोल केलं तर तळाशी येताना माणसाच्या अंगावर फार दाब येतो. “आणि ब्रेक असे असतात,” हे म्हणाले, “की वीज गेली, हवा गेली, तरी ते लागतात. सुटत नाहीत. मशीन बंद पडली तर ती सुरक्षित बाजूलाच बंद पडली पाहिजे, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे.” त्यांचं काम इतकी वर्षं मी डब्याच्या वेळा आणि तेलकट कपडे यांवरूनच ओळखत होते. ते काम असं उभं राहून, हातवारे करून, डोळ्यांत चमक आणून त्यांनी मला कधी समजावलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. त्या बाकावर ते घडलं.

भूक सडकून लागली होती. ठरल्याप्रमाणे गर्दीच्या आधी जेवायला गेलो. ह्यांना साखर आहे, त्यामुळे गोड नाही. त्यांनी वरण, भाजी, पोळी घेतली. मी पिझ्झा घेतला, कारण मला गरम पिझ्झा खायचा होता. मुलगा मागवतो तेव्हा सगळ्यांना वाढून होईपर्यंत माझ्या वाट्याचा गार झालेला असतो. इथे तो समोर आला, चीजची तार निघत होती आणि मला कुणाला वाढायचं नव्हतं. मी पहिला घास घेतला, तिखट मिरचीचे तुकडे वरून टाकले आणि शांतपणे सगळा खाल्ला. ह्यांनी एक तुकडा मागितला, दिला. खाणं बाहेरच्यापेक्षा महाग पडतं, हे खरं आहे आणि जाणाऱ्याने तो हिशेब आधी धरूनच निघावं. आम्ही धरला होता. एका लग्नाच्या आहेरात जेवढे जातात त्यापेक्षा जास्त काही गेले नाहीत, आणि आहेर देताना आपण दोनदा विचार करत नाही.

दुपारी पुन्हा राजासॉरसच्या बाजूने जाताना एका बाकावर माझ्याच वयाची एक बाई दिसली. पायाशी बॅगांचा ढीग, मांडीवर लहान मुलाचं जर्किन, शेजारी तिचे यजमान पेंगत बसलेले. मी आधी भिजायला गेले तेव्हाही ती तिथेच होती. मी जाऊन बसले. सोलापूरकडची होती. मुलगा, सून, नातवंडं आत गेली होती. चौघांच्या बरोबरीने या दोघांचीही तिकिटं काढलेली होती, हे मला तिच्याकडूनच कळलं. मुलाने चांगल्या मनाने काढली होती. पण बॅगा कुणीतरी बघायला हव्यात आणि मग त्या आपोआप आईकडे आल्या. मी म्हटलं, “ताई, त्या होडीत काही पोटात गोळा वगैरे येत नाही फार. तुम्ही दोघं जाऊन या. आम्ही बसतो इथे.” ती नको नको म्हणत राहिली. शेवटी हे तिच्या यजमानांना म्हणाले, “चला हो, साहेब, उठा. फिटरचा शब्द आहे, काही होत नाही.” ते गेले. परत आले तेव्हा दोघांच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि ती बाई नवऱ्याच्या दंडाला धरून चालत होती. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर आणखी काही विचारावं लागलं नाही. तेवढ्यात मुलगा-सून आले आणि सून म्हणाली, “आई, तुम्ही पण बसलात! आधी का नाही सांगितलं?” त्या सुनेच्या आवाजात खरा आनंद होता. तिला आधी सुचलं नव्हतं इतकंच. सुचवणारं कुणीतरी हवं, आणि ते काम वर्तमानपत्र करू शकतं.

बाकीचं थोडक्यात. ‘अलीबाबा’मध्ये गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा असतो, त्यात हे माझ्यापुढे गेले. सलीमगढच्या भुतांच्या महालात अंधार फार, डोळ्यांना त्रास असेल तर सांभाळून. संध्याकाळच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलामुलींचे कपडे मी जवळून पाहिले. एवढ्या जरीच्या आणि टिकल्यांच्या अंगरख्यात हात वर करून नाचायचं तर काखेत वेगळा तुकडा जोडावा लागतो, तो तिथे नीट जोडलेला होता. ज्याने कुणी शिवले त्याला माझा नमस्कार. अंधार पडल्यावर निघालो आणि खोपोलीत स्टँडजवळ गरम वडापाव खाऊन गाडीत बसलो.

संपादक महाशय, आता माझं मागणं. सुट्टीच्या पानात पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांसाठी वेगळा मजकूर द्या आणि तो कामाचा असू द्या. कुठल्या खेळात पाठीला हिसका बसतो आणि कुठल्यात नाही. कुठे पायऱ्या जास्त आहेत. साखर असलेल्याला आत काय खाता येतं. आडवारी तिकीट किती कमी पडतं. एसटीने कुठपर्यंत जाता येतं आणि परतीची गाडी किती वाजता मिळते. आपल्या राज्यात इमॅजिका आहे, गोराईला वॉटर किंगडम आहे, लोणावळ्याला आणि शिर्डीला पाण्याची उद्यानं आहेत. शिर्डीला तर दरवर्षी लाखो जोडपी दर्शनाला जातात. दर्शन झाल्यावर अर्धा दिवस पाण्यात घालवायला हरकत नाही, असं कुणीतरी छापील अक्षरात लिहिलं तर कितीतरी बायका ते कात्रण नवऱ्यापुढे ठेवतील.

उद्यानं चालवणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे. मोठ्या खेळांच्या बाहेर, जिथे बसता न येणारा जोडीदार थांबतो, तिथे सावलीत बाक जास्त ठेवा, आणि आत काय चाललं आहे ते त्या बाकावरून दिसेल असं बघा. ह्यांच्यासारख्या माणसांसाठी यंत्राची माहिती देणारा एक मराठी फलकही तिथे लावा: उंची, वेग, चाकं, ब्रेक. खाली थांबणाऱ्यालाही काही बघायला, वाचायला मिळेल. बॅगा ठेवायच्या कपाटांचं भाडं गटाच्या तिकिटातच धरा, म्हणजे त्या कुणाच्या आईच्या पायाशी येऊन पडणार नाहीत.

आमच्या भिशीतल्या बायकांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आहे आणि त्यातल्या काही जणी नवऱ्यांसकट माघात निघणार आहेत. त्यांच्या शंका मी शक्य तेवढ्या सोडवल्या. पण सांधेरोपण झालेल्यांनी कशात बसावं, कानाचं यंत्र लावणाऱ्यांनी काय करावं, हे मला सांगता आलं नाही. आपण एखाद्या डॉक्टरांकडून हे लिहून घेतलंत आणि मेच्या पुरवणीआधी, माघातच छापलंत, तर फार बरं होईल.

आपली नियमित वाचक,
चिंचवड, पुणे
(कृपया नाव छापू नये.)